सही करण्याआधी एवढं बघा

"ताई, कादंबरी लिहून झालीये, कुठल्या प्रकाशकाकडे देऊ?" असा मेसेज आला की हल्ली मी आधी उलट विचारते, देणार म्हणजे नक्की काय देणार? समोरचा गोंधळतो. कादंबरी देणार, अजून काय! पण प्रकाशक जो कराराचा कागद तुमच्यापुढे सरकवतो ना, त्यात कादंबरी हा शब्द एखाददुसऱ्या वेळी येतो आणि बाकी सगळीकडे हक्क, मुदत, टक्के, माध्यमं, प्रदेश असलंच काहीतरी असतं, आणि नवा लेखक तेव्हा इतका हवेत असतो की कुणीतरी आपलं पुस्तक काढतंय याच आनंदात शेवटच्या पानावर सही ठोकून मोकळा होतो. मी बरीच वर्षं संहिता वाचायचं आणि संपादनाचं काम करतेय, म्हणजे टेबलाच्या त्या बाजूला बसलेली आहे, आणि लिहायचं कसं यावर ढिगाने सल्ले मिळत असले तरी लिहून झाल्यावर काय होतं हे मात्र कुणी धड सांगत नाही. म्हणून हा एवढा लांबलचक पोस्ट, सहन करा.

दोन गोष्टी धरून चला. पैसा कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात चाललाय, आणि हक्क कुणाकडे जाणार नि किती काळ. मुखपृष्ठ, प्रकाशन समारंभ, प्रस्तावना कुणाची घ्यायची (यावर लोक महिनेच्या महिने घालवतात, काय बोलायचं), हे सगळं त्यानंतर.

पैशाचं आधी घेऊ. जेम्स मॅक्डोनाल्ड नावाचे एक अमेरिकन लेखक आहेत, सायन्स फिक्शन-फँटसीवाले, त्यांनी नव्या लेखकांसाठी एक साधा नियम सांगून ठेवलाय, की पैसा लेखकाच्या दिशेने यायला हवा. बस. ऐकायला फारच सोपं वाटतं पण याच्यामागे धंद्याचा हिशोब आहे. प्रकाशक स्वतःचा पैसा घालतो तेव्हा तो वसूल करायचा तर त्याला पुस्तक विकावंच लागतं, मग तो दुकानदारांच्या मागे लागतो, समीक्षेला प्रती पाठवतो, गोडाऊनमध्ये गठ्ठे पडून राहिले की त्याचीच झोप उडते. तेच लेखकाकडून आधीच पैसे घेतले तर पहिली प्रत विकण्याआधीच त्याचा नफा झालेला असतो, पुढे पुस्तक विकलं काय नि नाही काय, त्याचं काही अडत नाही. माणूस वाईट असायची गरजच नाही हो, व्यवहारच असा आखलेला असतो की त्याचं गिऱ्हाईक वाचक राहत नाही, तुम्ही होता.

याच मॅक्डोनाल्डनी एक भन्नाट उद्योग केला होता. तिकडे एक कंपनी होती, आम्ही पारंपरिक प्रकाशक आहोत, निवडूनच पुस्तकं घेतो असं सांगायची आणि वर सायन्स फिक्शन लिहिणाऱ्यांना नावं ठेवायची. तर मॅक्डोनाल्डनी अशा बऱ्याच लेखकांना गोळा केलं आणि सगळ्यांनी मिळून ठरवून, अगदी जीव ओतून, जमेल तितकी भिकार कादंबरी लिहिली. एक प्रकरण गायब, दोन प्रकरणं शब्द न् शब्द सारखी, एकाच क्रमांकाची दोन प्रकरणं, आणि एक प्रकरण तर चक्क कॉम्प्युटर प्रोग्रॅमकडून बाकीच्या मजकुराची सरमिसळ करून काढलेलं. डिसेंबर २००४ मध्ये कंपनीने ती कादंबरी स्वीकारली! जानेवारी २००५ मध्ये लेखकांनी सगळा प्रकार जाहीर केला आणि मग कंपनीला अचानक साक्षात्कार झाला की अरे यात काही भाग निव्वळ बडबड आहे, आम्ही हे छापू शकत नाही. मी हा किस्सा प्रत्येक नव्या लेखकाला सांगते कारण स्वीकारल्याचं गोड पत्र आलं की आपल्याला वाटतं कुणीतरी वाचलं आणि आवडलं. वाचलेलंच नसू शकतं. पत्रात तुमच्या पात्रांबद्दल, एखाद्या प्रसंगाबद्दल, शेवटाबद्दल काही ठोस लिहिलंय का बघा, नुसतंच "आपली लेखणी समर्थ आहे" असेल तर ते वाक्य कुणालाही पाठवता येतं.

आता यावर लगेच कुणीतरी म्हणेल, मग स्वतःच पैसे घालून पुस्तक काढणं चूकच का? अजिबात नाही. सेल्फ पब्लिशिंग हा वेगळा आणि सरळ रस्ता आहे. ॲमेझॉनच्या किंडलवर २००७ पासून कुणालाही आपलं पुस्तक थेट टाकता येतं, तिथे रॉयल्टीचे, म्हणजे विक्रीतून लेखकाला मिळणाऱ्या वाट्याचे, ३५ टक्के आणि ७० टक्के असे दोन पर्याय आहेत आणि ७० चा पर्याय ठरावीक किमतीच्या पट्ट्यात आणि ठरावीक देशांतल्या विक्रीलाच लागू होतो, छापील प्रतीसाठी प्रिंट ऑन डिमांड आहे, म्हणजे ऑर्डर आली की एक प्रत छापायची, गठ्ठे सांभाळायची भानगड नाही. यात तुम्ही संपादकाला पैसे देता, मुखपृष्ठ करणाऱ्याला देता, पण ती त्यांच्या कामाची मजुरी झाली, हक्क सगळे तुमच्याकडेच राहतात आणि विक्रीचा पैसा येतो तोही तुमच्याकडेच. (किंडलचा सिलेक्ट प्रोग्रॅम घेतला तर मात्र ९० दिवस ते ई-बुक दुसरीकडे कुठेच ठेवता येत नाही आणि बंद केलं नाही तर ते आपोआप पुढचे ९० दिवस वाढतं, हे लोक वाचतच नाहीत.) सगळा घोळ मधल्या प्रकारात आहे, जिथे पैसेही तुमचे आणि हक्कही त्यांचे. त्याला सहयोगी प्रकाशन म्हणा, पॅकेज म्हणा, हायब्रिड म्हणा, नावं काहीही देतात.

सगळे हायब्रिडवाले फसवे असतात असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या स्वतंत्र प्रकाशकांच्या संघटनेने, आयबीपीएने, २०१८ मध्ये हायब्रिड प्रकाशक कुणाला म्हणायचं याचे निकष ठरवून दिलेत, त्यात संहिता निवडून घेणं, नेहमीपेक्षा जास्त रॉयल्टी देणं, विक्रीची आणि वितरणाची खरी सोय असणं असे मुद्दे आहेत. यावर पॅकेज तपासून बघा. आलेली प्रत्येक संहिता घेतात का? मग निवड कसली. वितरण करतो म्हणतात म्हणजे नक्की काय करतात, दुकानदाराला माल नेऊन देणारा माणूस आहे का नुसतं ऑनलाइन लिस्टिंग करून ठेवतात? लिस्टिंगला वितरण म्हणत नाहीत, ते तुम्ही घरबसल्या तासाभरात करू शकता. छपाईसाठी तयार झालेली फाईल तुम्हाला मिळणार का? आणि एक फार चलाख कलम असतं, की आम्ही लेखकाकडून एकही पैसा घेत नाही, फक्त इतक्या प्रती लेखकाने विकत घ्यायच्या. तेही पैसे देणंच झालं ना! फक्त दुसऱ्या दाराने.

बरं, पारंपरिक रस्त्याने जायचं ठरवलंत तर आधी संहिता पाठवावी लागते, आणि इथे मी थोडं माझ्या टेबलावरून बोलते. संहिता आली की मी पहिली दोन-तीन पानं वाचते, मग मधूनच कुठलं तरी पान काढते. पहिली पानं सगळ्यांनीच घासूनपुसून ठेवलेली असतात हो, खरी भाषा मधल्या पानांवर कळते, जिथे लेखक दमलेला असतो आणि पात्रं एकमेकांना नुसती माहिती सांगत बसलेली असतात. सोबत सारांश असेल तर तो शेवटून वाचते. नवे लेखक सारांशाच्या शेवटी लिहितात, "पुढे काय होतं हे जाणून घेण्यासाठी कादंबरी वाचा". अरे, तो मलपृष्ठावरचा मजकूर झाला, ग्राहकाला भुलवायचा. संपादकाला शेवट सांगायचा असतो, सरळ, कोण मेलं नि कोण वाचलं, कारण गोष्ट शेवटपर्यंत पेलली गेलीये का एवढंच त्याला बघायचं असतं. एक-दोन पानांत बसवा. पत्रात स्वतःबद्दल चार ओळी पुरेत, शाळेतल्या निबंध स्पर्धेपासूनची बक्षिसं नकोत.

फाईल युनिकोडमध्येच पाठवा, हे हात जोडून सांगतेय. जुन्या फाँटमध्ये टाईप केलेली संहिता रूपांतरित करताना रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, जोडाक्षरं फुटतात, पहिली वेलांटी पुढच्या अक्षराला चिकटते, आणि मग मुद्रितशोधनाला नुसता तोच कचरा वेचत बसावं लागतं. पानांना क्रमांक, फाईलच्या नावात तुमचं नाव. "फायनल", "फायनल२", "एकदम फायनल" असल्या नावांच्या फाईली इतक्या येतात की विचारू नका.

प्रत्येक प्रकाशकाने संहिता कशी पाठवायची ते कुठेतरी लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. कवितासंग्रह काढतच नाहीत त्यांना कवितासंग्रह पाठवण्यात काय अर्थ आहे. एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी पाठवलं तर चालतं का हेही तिथे असतं, चालत असेल तर पत्रात तसं सांगा आणि एकाने घेतलं की बाकीच्यांना लगेच कळवा, यात विसरलात तर नाव खराब होतं आणि हे जग तसं लहान आहे. उत्तराला महिने लागतात. नकार बहुतेक वेळा छापील साच्याचा असतो, त्यात अर्थ शोधत बसू नका, पण कुणी दोन ओळी तुमच्या संहितेबद्दल स्वतःहून लिहिल्या असतील तर त्या जपून ठेवा, कारण ते लिहायला त्याला कुणी पैसे दिलेले नसतात.

एजंट, म्हणजे लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणी करणारा माणूस, लागतो का, हा प्रश्न हमखास येतो. इंग्रजीतल्या बऱ्याच मोठ्या प्रकाशकांकडे एजंटशिवाय संहिता वाचलीच जात नाही, बाकी बऱ्याच भाषांत लेखक थेट प्रकाशकाशीच बोलतो. एजंट असेल तर तो तुमच्या कमाईतले साधारण १५ टक्के घेतो, परदेशी हक्क विकले तर बहुधा २०, आणि ते तुम्हाला पैसे मिळाल्यावर. संहिता वाचायची फी मागणारा एजंट भेटला की नमस्कार करून निघा.

चोरीची भीती हा अजून एक विषय. "माझी आयडिया कुणी ढापली तर?" खरं सांगू, आयडियावर कॉपीराइट नसतोच, कुठेच. कॉपीराइट असतो तुम्ही लिहिलेल्या मजकुरावर, आणि तो लिहिल्या क्षणी आपोआप मिळतो, बर्न करार नावाचा १८८६ चा आंतरराष्ट्रीय करार आहे आणि त्यात सामील असलेल्या देशांमध्ये त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. काही देशांत नोंदणीचे कोर्टात फायदे मिळतात, ते वेगळं. पण संहिता स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवून पाकीट न फोडता ठेवायचं हा जो तोडगा फिरत असतो त्याचा भरवसा धरू नका. मुळात नव्या लेखकाची कल्पना चोरून स्वतः तीनशे पानं लिहीत बसण्यापेक्षा त्याच्याकडूनच पुस्तक घेणं प्रकाशकाला केव्हाही सोपं नाही का!

आयएसबीएनचंही असंच. लोकांना वाटतं आयएसबीएन मिळाला म्हणजे पुस्तकावर सरकारी शिक्का बसला, हक्क पक्के झाले. त्याचा हक्कांशी काडीचा संबंध नाही. तो व्यापारासाठीचा ओळख क्रमांक आहे, २००७ पासून १३ आकडी, सुरुवात ९७८ किंवा ९७९ ने, आणि पुठ्ठाबांधणी, पेपरबॅक, ई-बुक अशा प्रत्येक रूपाला वेगळा लागतो. पण त्यातले मधले काही आकडे प्रकाशकाची ओळख सांगतात, म्हणजे पॅकेजवाल्याने त्याच्या खात्यातला क्रमांक दिला तर व्यापाराच्या नोंदीत प्रकाशक म्हणून तोच दिसतो, तुम्ही सगळे पैसे घातलेले असले तरीही.

आता करार. इथे घाई करू नका, चहा घ्या, दार लावा, आणि वाचा.

रॉयल्टी १० टक्के असं लिहिलेलं असतं आणि आपण खूष. कशाचे १० टक्के? छापील किमतीचे की प्रकाशकाच्या हातात आलेल्या निव्वळ रकमेचे? समजा छापील किंमत १०० आहे. छापील किमतीवर १० टक्के म्हणजे प्रतीमागे १०. आता वितरक-दुकानदाराला ५० टक्के सूट दिली तर प्रकाशकाच्या हातात ५० येतात, त्याचे १० टक्के म्हणजे ५. आकडा तोच, टक्के तेच, तुमचे पैसे अर्धे. आणि "निव्वळ" या शब्दाची व्याख्या करारात नसेल तर त्यातून अजून वाहतूक, जाहिरात, काय काय वजा होईल सांगता येत नाही, कधीकधी छपाईसुद्धा वजा केलेली मी पाहिलीये आणि मग उरतं ते इतकं केविलवाणं की लेखक विचारायलाच लाजतो. निव्वळवर रॉयल्टी वाईटच असं नाही, ई-बुकला इंग्रजीतले मोठे प्रकाशक बहुतेक निव्वळच्या २५ टक्केच देतात, पण मग टक्का त्या हिशोबात वाढवून मागायचा आणि काय वजा होणार ते लिहून घ्यायचं. तसंच ठरावीक प्रती विकल्या गेल्यावर टक्का वाढेल अशी पायरी मागून बघा, पहिल्या पुस्तकाला कदाचित नाही म्हणतील, मागायला काय जातं.

ॲडव्हान्स मिळाला तर तो बक्षीस नसतो, पुढच्या रॉयल्टीतून आधी तो वळता होतो आणि त्यानंतरच नवीन पैसे सुरू होतात. पण पुस्तक नाही चाललं तर तो सहसा परत करावा लागत नाही, हे करारात स्पष्ट असू द्या. अजून एक, दुकानदार न विकलेल्या प्रती परत पाठवू शकतात तिथे प्रकाशक रॉयल्टीचा काही भाग परताव्यासाठी राखून ठेवतो, ते रास्त आहे, फक्त किती टक्के आणि किती काळ राखणार ते लिहिलेलं हवं नाहीतर ते राखीव कायमचंच राखीव राहतं.

हिशोबाचा कागद वर्षातून एकदा-दोनदा यायला हवा आणि त्यात नुसती रक्कम नको. किती छापल्या, किती विकल्या, किती परत आल्या, किती भेट आणि समीक्षेसाठी गेल्या, आणि शिल्लक किती. हे पाच आकडे असले की बेरीज जुळते का तुम्हालाच बघता येतं, शाळेतलं गणित आहे. हजार छापल्या म्हणतात, सहाशे विकल्या, शंभर भेट, परत आलेल्या धरून शिल्लक दीडशे, मग उरलेल्या दीडशे गेल्या कुठे? विचारा. सभ्यपणे, ईमेलवर, म्हणजे नोंद राहते. हिशोब तपासायचा हक्क लेखकाला राहील असं एक कलम बऱ्याच करारांत असतं, नसेल तर घालायला सांगा.

हक्कांचं प्रकरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. हक्क दोन तऱ्हेने देता येतात, वापरायचा परवाना देऊन किंवा मालकीच लिहून देऊन, म्हणजे घर भाड्याने देणं आणि घर विकणं यात जो फरक तोच. करारात "सर्व हक्क, सर्व माध्यमांत, जगभर, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी" असं लिहिलेलं असेल तर जरा हिशोब करा. बर्न करारानुसार कमीत कमी मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षं, बऱ्याच देशांत याहून जास्तच. तिशीत सही केली आणि ऐंशीपर्यंत जगलात तर तो कागद किमान १०० वर्षं चालणार. शंभर वर्षं! आणि एवढं सगळं कशाच्या बदल्यात, तर एका आवृत्तीच्या.

छापील आवृत्तीसाठी आलेल्या प्रकाशकाला छापील हक्क द्या, ठरावीक भाषेचे, ठरावीक वर्षांसाठी. ई-बुक तो खरंच काढणार असेल तर तेही द्या. पण अनुवाद, ऑडिओ, सिनेमा-वेबसिरीज, नाटक, हे सगळं एका ओळीत गुंडाळून दिलं जातं आणि प्रकाशकाकडे त्या हक्कांचं काही करायची ना माणसं असतात ना इच्छा, ते नुसते त्याच्या कपाटात पडून राहतात आणि उद्या कुणी ऑडिओबुकसाठी विचारायला आलं की तुम्हाला तिसऱ्याची परवानगी काढावी लागते. एकतर ते स्वतःकडे ठेवा, नाहीतर लिहून घ्या की अमुक वर्षांत वापरले नाहीत तर परत, आणि वापरले तर त्यातला वाटा इतका.

त्याहून बारीक आहे ते आवृत्ती संपल्याचं कलम. पूर्वी सोपं होतं, पुस्तक बाजारातून संपलं, प्रकाशकाने पुन्हा छापलं नाही की हक्क लेखकाकडे परत. आता ई-बुक सर्व्हरवर कायम पडून असतं, प्रिंट ऑन डिमांडमध्ये पुस्तक कागदोपत्री कधी संपतच नाही, वर्षाला दोन प्रती विकल्या तरी पुस्तक "उपलब्ध" आहे आणि तुम्ही अडकलेले. म्हणून तिथे आकडा घालून घ्यायचा, की सलग १२ महिन्यांत अमुक इतक्या प्रतींपेक्षा कमी विक्री झाली तर लेखक पत्र देऊन हक्क परत घेऊ शकतो. आकडा किती यावर घासाघीस होऊ द्या, पण आकडा हवाच. यासाठी प्रकाशक सहसा चिडत नाहीत, चिडला तर त्यातूनही काहीतरी कळलंच ना.

पुढच्या पुस्तकाचं कलमही बघा. पुढचं पुस्तक आधी आम्हाला दाखवा, इथपर्यंत ठीक, पण त्यात "एकच पुस्तक", "याच प्रकारचं" आणि "इतक्या दिवसांत उत्तर देऊ" हे तिन्ही हवं. नाहीतर तुम्ही बालकविता लिहिल्यात तरी त्या आधी त्यांच्याकडे आणि उत्तर कधी येईल ते रामभरोसे. आणि हमीच्या कलमात तुम्ही लिहून देता की हा मजकूर माझाच आहे, यात कुणाची बदनामी नाही. ते तर द्यावंच लागतं, पण "कुणीही नुसता दावा केला तरी सगळा खर्च लेखकाचा" अशी भाषा असेल तर ती कोर्टात सिद्ध झालेल्या दाव्यापुरती करून घ्या. कादंबरीत कुठे गाण्याच्या ओळी, कुणाची कविता वापरली असेल तर परवानगी आणायचं काम आणि खर्च बहुतेक करारांत लेखकाच्याच गळ्यात असतो, तेव्हा लिहितानाच विचार करा.

मजकूर ए.आय.च्या ट्रेनिंगसाठी वापरता येईल का, हेही आता बघायला लागतं. अमेरिकेतल्या ऑथर्स गिल्ड या लेखकांच्या संघटनेने २०२३ मध्ये आपल्या नमुना करारात याबद्दल वेगळं कलम घातलं, लेखकाच्या परवानगीशिवाय तसा वापर नको म्हणून. तुमच्या करारात याबद्दल काहीच नसेल आणि "भविष्यात येणारी सर्व माध्यमं" असं गोलमाल काही असेल तर विचारून घ्या.

फसवणुकीचे ईमेल हा वेगळाच विषय आहे, त्यावर फार लिहीत नाही. नामांकित एजंटच्या किंवा संपादकाच्या नावाने मेल येतो, तुमच्या पुस्तकाचं तोंडभर कौतुक असतं, सिनेमाचे हक्क घ्यायचेत असतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मेलमध्ये कसली तरी फी निघते. मेलचा पत्ता नीट बघा, आणि त्या माणसाच्या अधिकृत वेबसाइटवरचा पत्ता शोधून तिथे स्वतः विचारा. १९९८ पासून रायटर बिवेअर नावाचा एक गट असल्या लबाड्यांची नोंद ठेवतोय, इंग्रजीत आहे पण कंपनीचं नाव टाकून शोधायला काय हरकत. प्रवेश फी भरली की हमखास मिळणारे पुरस्कार, आणि निवड झाली म्हणून कळवून मग प्रत्येकाने दहा प्रती घ्यायला लावणारे प्रातिनिधिक काव्यसंग्रह, हेही त्याच गावचे. हौस म्हणून घ्या खुशाल, पण परिचयात पुरस्कारप्राप्त म्हणून लिहिलंत तर संपादक ओळखतात बरं का.

ज्यांनी आधीच कुठेतरी सही करून ठेवलीये आणि हे वाचून पोटात गोळा आलाय त्यांच्यासाठी. करार काढा, मुदतीचं आणि आवृत्ती संपल्याचं कलम शोधा. मुदत संपली असेल किंवा अट पूर्ण होत असेल तर कलमाचा क्रमांक घालून साधं पत्र लिहा, की या कलमानुसार हक्क माझ्याकडे परत आल्याचं लेखी कळवा, अमुक तारखेपर्यंत. भांडणाची भाषा नको, कारण बऱ्याच वेळा समोरच्यालाही ते पुस्तक नकोच असतं आणि दोन ओळींचं उत्तर येऊन विषय संपतो. अट पूर्ण होत नसली तरी विचारून बघा, मोठी रक्कम अडकली असेल तर मात्र आधी कॉपीराइटचं काम करणाऱ्या वकिलाला कागद दाखवा. हक्क परत मिळाले म्हणजे मजकुराचे मिळाले हे लक्षात घ्या, पानांची मांडणी आणि मुखपृष्ठ प्रकाशकाने करून घेतलेलं असेल तर ते सहसा तुम्हाला तसंच वापरता येत नाही, ते विकत घेता येईल का तेही त्याच पत्रात विचारून टाका. शिल्लक प्रतींचं काय करणार, रद्दीत घालण्याआधी त्या मला सवलतीत द्याल का, हेही. आणि मिळालेलं उत्तर छापून फाईलला लावून ठेवा, पुढचा प्रकाशक पहिल्यांदा तोच कागद मागतो.